ताई, सही करू का?

मंडळी, मी एका मोठ्या आयटी कंपनीची वकील. कुणाला कामावरून काढायचं असेल तर कागद मीच बनवते.

आज वागळे इस्टेटच्या आमच्या ऑफिसात स्नेहलला काढायचं होतं. ठाकुर्लीला माझ्याच बिल्डिंगमध्ये राहते. यादीत तिचं नाव वाचलं, तरी तिच्या राजीनाम्याचा कागद मीच बनवला.

दुपारी तिचा मेसेज आला, "ताई, राजीनाम्यावर सही मागतायत. करू का? तू आहेस म्हणून घाबरले नाही."

कंपनीच्या वकिलाने तिला सल्ला द्यायचा नसतो. मी एवढंच लिहिलं, "बाहेरचा वकील बघ."

"अगं, तूच आहेस ना वकील!"

मी फोन पालथा ठेवला. तिने सही केली.

आत्ता बिल्डिंगच्या गेटवर उभी आहे. तिच्या घरात लाइट दिसतोय. सांगा, कुठल्या तोंडाने वर जाऊ?