आवाज माझाच होता

आधीच सांगतो, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यातला नाही. लोकांनी लिहिलेले असे भुताटकीचे अनुभव मी जेवताना बायकोला वाचून दाखवायचो ते हसण्यासाठी. आता स्वतः लिहायला बसलोय आणि हसू येत नाहीये... भीतीमुळे नाही, लाजेमुळे. नाव देत नाही त्याचं कारणही तेच.

मी राहतो पुण्याजवळ भूगावला, नोकरी तिथल्याच माणमध्ये. तीसेक लोकांची छोटी आयटी कंपनी. आम्ही एका डेअरीचं सॉफ्टवेअर सांभाळायचो. कुठला टँकर कुठल्या गावचं दूध उचलणार, ते रोज पहाटे आमच्या सिस्टिममधून ड्रायव्हरच्या फोनवर जायचं. डेअरीचे मॅनेजर देशमुख साहेब म्हणजे डोक्याला ताप. आज एक सांगणार, उद्या म्हणणार मी असं बोललोच नव्हतो. रविवारी फोन, सणाला फोन. सात वर्षं मी सीनियर डेव्हलपरच होतो, माझ्यामागून आलेले दोघं पुढे गेले होते. शेवटी आमच्या हेड माधवी मॅडम म्हणाल्या, देशमुखांचं नवं अपडेट वेळेत गेलं तर प्रोजेक्ट मॅनेजर म्हणून तुझं नाव पुढे करते.

माझ्या हाताखाली फरझाना होती. पौडची मुलगी, एसटीने यायची. कमी बोलणारी, कामाला पक्की. अपडेट पाठवायच्या दिवशी तिने कामाच्या नोंदीत लिहिलं की टेस्टिंग अर्धं राहिलंय, सोमवारपर्यंत थांबूया. मी तिच्या टेबलापाशी जाऊन म्हटलं, पाठव, मी बघतो काय ते.

दुसऱ्या दिवशी निम्मे टँकर भलत्याच गावांना गेले. कॅनच्या कॅन दूध उन्हात नासलं. मॅडमनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, फरझानाने मला न विचारता पाठवलं. घाबरून तोंडातून निघून गेलं, असंही म्हणता येत नाही मला — कारण मॅडमच्या केबिनमध्ये जायच्या आधी मी तिची ती नोंद पुसून टाकली होती. तो अधिकार टीममध्ये फक्त मला होता.

मॅडमनी फरझानाला घरी बसायला सांगितलं. ती माझ्याकडे बघत राहिली. मी लॅपटॉपमध्ये डोकं घातलं.

चार दिवसांनी देशमुखांचा कॉल होता, दुपारी तीनला. मीटिंग रूममध्ये मॅडम, मी आणि चहा घेऊन आलेल्या लक्ष्मीमावशी, एवढेच. मावशी माणच्याच, ऑफिसची झाडलोट आणि चहापाणी बघतात. कॅमेरा बंद होता, टेबलावर स्पीकर. देशमुख दहा मिनिटं ओरडले आणि मग मला नावाने हाक मारून विचारलं, "त्या मुलीला काढलं की नाही?"

मी उत्तर द्यायला श्वास घेतला... आणि माझा आवाज आला.

स्पीकरमधून नाही. मी बसलो होतो तिथूनच. "साहेब, तिची चूक नाही. तिने थांबायला सांगितलं होतं, लिहूनसुद्धा ठेवलं होतं. ते मी पुसलं. मला प्रमोशन हवं होतं."

माझे ओठ मिटलेले होते. जीभ टाळ्याला चिकटली होती. बोलणं संपल्यावर मॅडमनी वहीतून मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मला सांगायचं होतं की हे मी बोललो नाही, पण ते सांगणार कसं? सगळं खरं होतं. आणि नोंद पुसल्याचं तर मी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

पलीकडून देशमुख हळू आवाजात म्हणाले, असं कबूल करणारा माणूस मला भेटला नव्हता. यापुढे आमचं काम हाच बघेल.

कॉल संपल्यावर मावशी कप उचलत होत्या. मॅडम बाहेर जाईपर्यंत त्या थांबल्या आणि मला म्हणाल्या, "साहेब, तुमी बोल्ला न्हाईत. त्वांड मिटल्यालं व्हतं तुमचं. मी बगत व्हते."

"मग आवाज कुणाचा होता, मावशी?"

"तुमचाच," म्हणाल्या, आणि ट्रे घेऊन गेल्या.

कॉलचं रेकॉर्डिंग मी किती वेळा ऐकलं असेल. आवाज माझाच आहे. वाक्य सुरू करताना मी घसा साफ करतो, तेसुद्धा त्यात आहे.

मॅडम भयंकर चिडल्या होत्या, पण क्लायंटने माझंच नाव लावून धरल्यावर त्यांचं काही चाललं नाही. फरझाना परत आली. आणि चार महिन्यांनी मी प्रोजेक्ट मॅनेजर झालो, प्रामाणिकपणासाठी. लोक नवीन पोरांना माझा किस्सा सांगायचे. मी ऐकून घ्यायचो.

गेल्या महिन्यात दाखल्यासाठी पौडच्या तहसील कचेरीत गेलो होतो. स्टँडजवळ फरझानाच्या वडिलांचं शिलाईचं दुकान आहे. ती सुट्टी घेऊन तिथेच बसली होती, तिने हाक मारली. वडील मशीनवरून उठले, मला स्वतःची खुर्ची दिली, चहा मागवला. शेजारच्या दुकानदाराला म्हणाले, "ह्येच ते सायब. पोरीची अब्रू राखली ह्यांनी. अशी मानसं ऱ्हायली न्हाईत आता."

चहाचा कप मी तसाच खाली ठेवला. मी फरझानाला बाहेर बोलावलं आणि सगळं सांगितलं. ते मी बोललोच नव्हतो, माझं तोंड मिटलेलं होतं, हवं तर मावशींना विचार.

तिने विश्वास ठेवला की नाही, माहीत नाही. तिने एवढंच विचारलं, "मग सर, तुम्ही काय बोलणार होता?"

दुसरं कुणी मला हे विचारलं नव्हतं. मीही स्वतःला विचारलं नव्हतं.

मी म्हणालो, "हो साहेब, काढलं तिला. हे बोलणार होतो."

तिने मान डोलावली आणि दुकानात गेली. वडिलांना तिने काही सांगितलं नसावं, कारण मी निघालो तेव्हा त्यांनी उठून दोन्ही हातांनी माझा हात धरला.

त्या दुपारी कोण बोललं, मला आजही सांगता येत नाही. मावशींनाही नाही. मी मात्र परत कधी त्या मीटिंग रूममध्ये एकटा बसलेलो नाही.