बैलाचा फोटो आणि त्याच्या वरची ओळ

कॉम्प्युटरच्या की-बोर्डमध्ये कडब्याचा भुसा सापडला, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. मी शाळामास्तर, घरात भुसा येतो तो थोरल्या भावाच्या अंगावरून. तो शेती बघतो, मी शाळेत जातो, चूल अजून एकच. आणि त्यानं तोवर त्या यंत्राला माझ्यादेखत कधी बोट लावलेलं नव्हतं.

स्वभाव माझा पहिल्यापासून संशयी. परीक्षेला मी वर्गात फिरत असलो, की पोरं खाली पडलेलं पेनसुद्धा उचलत नाहीत.

कॉम्प्युटर म्हणजे श्रीगोंद्यातल्या एका बंद पडलेल्या टायपिंग क्लासचा जुना डबा. पूर्वी तो चालू होईपर्यंत माझा चहा पिऊन कप विसळून व्हायचा. म्हणून मी इंटरनेटवर वाचून वाचून विंडोज काढून त्यात लिनक्स टाकलं, तेही अगदी हलकं, नुसता विंडो मॅनेजर असलेलं. त्याला खिडक्या उघडणं आणि मिटणं एवढंच कळतं, बाकी सगळं आपण सांगायचं. सुरुवातीला काय काय चालवायचं ते एका साध्या फाइलमध्ये ओळीनं लिहायचं: आधी खालची पट्टी, मग मराठी की-बोर्ड, शेवटी वॉलपेपर. प्रत्येक ओळीच्या शेवटी & ही खूण द्यायची. तिचा अर्थ, हे चालू कर आणि पुढं हो. खूण नसली तर ते काम संपेपर्यंत यंत्र त्याच ओळीवर थांबून राहतं. मला हे फार आवडलं होतं. वर्गातही असंच असावं, असं वाटायचं.

वॉलपेपरला मी पोळ्याचा फोटो लावला होता. मधे आमचा शेवटचा खिलारी बैल, शिंगांना हिंगूळ, अंगावर झूल, आणि दोन बाजूंना आम्ही दोघं भाऊ. ट्रॅक्टर आल्यावर बैल बसून खातोय, हे टुमणं मीच लावलं होतं. काष्टीच्या बाजारात व्यवहार मी केला, कासरा भावानं धरला होता. त्या दिवसापासून तो माझ्याशी कामापुरतंच बोलायचा. त्यात वहिनीच्या भावानं एका लग्नात सगळ्यांसमोर म्हटलेलं, ‘आता वाटण्या करून मोकळे व्हा.’ आणि सातबाऱ्याचे, विहिरीचे, पाइपलाइनचे सगळे कागद स्कॅन करून ठेवले होते ते ह्याच डब्यात.

मी यंत्राला विचारलं, तू कधी कधी चालू झालास? त्याच्याकडे नोंद असते. रोज दुपारी दोनच्या सुमाराला, मी शाळेत असताना, वीस-पंचवीस मिनिटं.

झालं. घर फुटणार, आणि ते माझ्या पाठीमागं फुटणार, ह्याची मला खात्रीच पटली. तोंडावर विचारायचं धाडस नव्हतं, कारण तो ‘व्हय’ म्हणाला असता तर पुढं काय, हे मला ठाऊक नव्हतं. लॉकडाऊनमध्ये शिकवण्यासाठी आणलेला कॅमेरा मॉनिटरवर होताच. मी त्या फाइलमध्ये वॉलपेपरच्या वर एक नवी ओळ घातली: यंत्र चालू झालं, की दर मिनिटाला समोरच्या माणसाचा फोटो काढायचा. घाईत लिहिली, शाळेची वेळ झाली होती.

संध्याकाळी येऊन बटण दाबलं तर वॉलपेपर गायब. पट्टी आली, की-बोर्ड आला, मागं नुसता काळा पडदा. कॅमेऱ्यानं काढलेल्या पहिल्या फोटोत भाऊ, कपाळाला आठ्या, तोंड पडद्याच्या अगदी जवळ. मला आणखी पुरावा कशाला हवा होता? बैलाचा राग त्यानं फोटोवर काढला, तोही त्या मेहुण्याला कसं काढायचं ते फोनवर विचारून, असं मी ठरवून टाकलं.

चार दिवस मी त्याच्याशी बोललो नाही. जेवायचं ताट माझ्या खोलीत मागवलं. वहिनीनं एकदा विचारलं, “काय झालंय भावजी?” मी म्हटलं, “काही नाही.”

पाचव्या दिवशी सगळे फोटो ओळीनं लावून पाहिले, वाटणीच्या वेळी उपयोगी पडतील म्हणून. आणि गडबडलो. एकाही फोटोत त्याचा हात माऊसवर नव्हता. टोपी काढून मांडीवर ठेवलेली, दोन्ही हात टोपीवर. नुसता समोर बघत बसलेला. काळ्या पडद्यात हा माणूस बघतो काय?

मग मी ती फाइल उघडली. कॅमेऱ्याच्या ओळीच्या शेवटी & नव्हता. फोटो काढायचं काम कधी संपणारच नव्हतं, त्यामुळं यंत्र खालच्या ओळीपर्यंत पोचतच नव्हतं. कॅमेऱ्याचं काम बंद केलं मात्र, बैल झुलीसकट समोर उभा राहिला. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मला माझीच लाज वाटली.

भाऊ गोठ्यात होता. मी म्हटलं, “दादा, चल, फोटो परत आलाय.”

तो आला. खुर्चीवर बसला नाही, उभ्यानंच बघत राहिला. मग म्हणाला, “मला वाटलं तूच काढलास. बैल बी इकला, आता फोटू बी नको झाला आसंल मास्तरला.”

“मग विचारायचं नाहीस का?”

“तू बोलत हुतास व्हय?” तो म्हणाला. “माझ्या बटनाच्या फोनात कुटं दिसतो त्यो? म्हून दुपारी यायचो. गेल्यावर बी, येतोय का परत, बघत बसायचो. पन झालं काय हुतं?”

मी त्याला ओळींचं सगळं समजावून सांगितलं. वरची ओळ अडून बसली, की खालची येत नाही, हे त्याला लगेच कळलं. पाटाच्या पाण्याचं तसंच असतं, म्हणाला.

“आन वरच्या वळीत काय लिवलं हुतंस?”

खोटं सांगता आलं असतं. की-बोर्ड म्हटलं असतं, तर त्यानं मानलं असतं. मी म्हटलं, “कॅमेरा. तू काय करतोस ते बघायला.”

त्यानं मॉनिटरवरच्या कॅमेऱ्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. टोपी डोक्यावर नीट बसवली.

“सांगायचं तरी,” तो म्हणाला, “धुतलेली घालून बसलो आसतो.”

आणि धार काढायला निघून गेला. त्यापेक्षा त्यानं एक शिवी हासडली असती, तर मला बरं वाटलं असतं.