ओट्यावरून गेलेली मूर्ती

गाझियाबादची ती घटना आठवली की आजही आधी हसू येतं, मग स्वतःचीच लाज वाटते.

मी नोकरीत नवा होतो. प्रशिक्षणाचा भाग म्हणून एका पोलीस ठाण्याचा कार्यभार माझ्याकडे होता. शहराबाहेर शेतं जाऊन धडाधड प्लॉट पडत होते. राजधानीतल्या लक्ष्मीबाई नगरातलं सरकारी क्वार्टर सोडून आलेलं एक निवृत्त मराठी जोडपं तिथे घर बांधत होतं. मागच्या दोन खोल्या तयार होत्या, पुढचा पाया खणायचा होता. शेजारी जुनं टेकाड, म्हणून पुरातत्त्व खात्याच्या निरीक्षकासमोरच खणायचं, अशी परवानगीची अट.

एका मजुराच्या कुदळीला वीतभर मातीची मूर्ती लागली. निरीक्षकानं नोंद करून ती खोल्यांपुढच्या ओट्यावर वाळत ठेवली. तासाभरात मूर्ती गायब! निरीक्षकाची तक्रार आली, मी पोहोचलो. आत वास्तुशांत चालली होती. पूजेत कशाला व्यत्यय, म्हणून पंचनामा बाहेरच उरकला. ठेकेदारानं त्या मजुराकडे बोट दाखवून खबर दिली, "साहब, ये कल से गाँव जाने की छुट्टी माँग रहा है." झालं! मजुराला ठाण्यात आणलं.

त्याचं एकच उत्तर. "मैंने निकाली, साहब. ली नहीं."

आमचे जुने हवालदार म्हणाले, "सर, दो हाथ लगाने दीजिए, अभी बोलेगा." मी साफ नाही म्हटलं, पण त्याला सोडलंही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला कोर्टात हजर करायचं होतं. त्याची बायको तान्हं बाळ घेऊन फाटकाशी बसून होती.

त्याच संध्याकाळी ओट्याची मापं घ्यायला परत गेलो. घरच्या काकूंनी आग्रहानं शिरा पुढे केला. मी सहज विचारलं, "काकू, वास्तुपुरुषाची प्रतिमा इथे मिळते? की पुण्याहून मागवलीत?"

"मागवलेली वेळेवर आलीच नाही हो! पण देवाला काळजी. आपल्याच जमिनीतून निघाली, ओट्यावर होती. गुरुजी म्हणाले, ह्याहून शुभ काय? स्वयंपाकघरात आग्नेय कोपऱ्यात पुरली."

मी शिऱ्याची वाटी खाली ठेवली. "काकू, तिच्यापायी एक माणूस माझ्या कोठडीत आहे!"

"अगं बाई! आम्हाला वाटलं, सळया चोरीला गेल्या म्हणून पोलीस आले. आम्हाला कुणी विचारलंच नाही!"

खरंच नव्हतं विचारलं. निरीक्षकासमोर कोपरा उकरला. मूर्ती अखंड निघाली, हळदीकुंकवासकट. निरीक्षक बिचारा कपाळाला हात लावून म्हणाला, "आता ह्याचीही नोंद करावी लागणार."

काकू शिऱ्याचा डबा घेऊन ठाण्यात आल्या, मजुरापुढे हात जोडून उभ्या राहिल्या. तो ओशाळला. म्हणाला, "माताजी, आपसे किसी ने पूछा नहीं. मुझसे सबने पूछा, पर सुना किसी ने नहीं."

ते वाक्य मला कुठल्याही प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं. चौकशी कुणाची करायची, हे मी पूजा आणि कपडे बघून ठरवलं होतं. त्यानंतर कुठल्याही गुन्ह्यात मी आधी घरमालकाचं दार वाजवलं, मग पूजा असो की पंगत.

त्या घराचं काम त्याच मजुरानं पुरं केलं. मी दिसलो की लांबूनच रामराम करायचा, आणि मीही हात वर करून पुढे जायचो. त्याची माफी मागायची मात्र राहून गेली. ती आज मागतो.