चार वेळा घेतलेले ठसे

एकोणीसशे तीसच्या आसपास रत्नागिरीच्या पोलीस कचेरीत माझ्याकडे बोटांचे ठसे घेण्याचं काम आलं. सरकारी नोकरीत घ्यायच्या माणसाला पूर्वी कुठे शिक्षा झालेली नाही ना, हे त्या ठशांवरून पाहत. पत्र्यावर शाई पसरायची, दहाही बोटं एकेक करून त्यात लोळवायची आणि कागदावर उमटवायची. कागद घाटावरच्या मोठ्या कचेरीत जायचा. महिन्याभराने निम्मे कागद परत यायचे. वर लाल शाईत एकच ओळ: ‘ठसे अस्पष्ट. पुन्हा घ्यावेत.’

आमच्याकडची हवाच ओलसर. बोटं घामेजत, शाई पसरे. साहेब मला बोलत आणि मी उमेदवारांना. ती लाल ओळ वाचून वाचून मला कंटाळा आला होता.

त्या वर्षी चैत्रात हातखंब्याकडच्या गावातली एक बाई आली. तुरुंगात बायकांच्या कोठडीवर पहारेकरणीची जागा निघाली होती, तिच्यासाठी. पस्तिशीची असेल. नवरा वारलेला, घरात ती आणि तिची नणंद. चार कोस चालून आली होती. मी तिची बोटं धरली तेव्हा ती मला काचेसारखी गुळगुळीत लागली. पण बाहेर माणसं खोळंबली होती. मी ठसे उमटवले आणि कागद पाठवून दिला.

तो परत आला. निरोप धाडला, ती पुन्हा चार कोस आली. या वेळी रॉकेलने बोटं पुसून, कोरडी करून ठसे घेतले. तेही परत आले. तिसऱ्या वेळी ज्येष्ठ लागला होता, ती भिजून आली. तो कागद परत आला तेव्हा साहेबांनी मला आत बोलावलं.

“ही बाई बोटं घासून येते. सराईत चोर असंच करतात. चौकशी करा.”

चौकशी म्हणजे मलाच जायचं होतं. उघाड पाहून गेलो. ती पडवीत काजूच्या बिया फोडत बसली होती. शेजारी राखेचं सूप. बोटं राखेत बुडवायची, भाजलेली बी दगडावर धरायची, ठोकायची, गर काढायचा. टरफलातलं तेल राखेलाही जुमानत नव्हतं. तिच्या बोटांची कातडी काळी पडून पापुद्र्यासारखी सुटत होती. रेघा राहणार कुठून?

“किती वर्षं करताय हे?” मी विचारलं.

“लगीन होऊन आले तवापासून,” ती म्हणाली. “का? बोटं पुन्ना परत आली काय?”

मी साहेबांचा संशय तिला सांगितला. सांगायला नको होता. तिचे हात थांबले.

“चोराची बोटं कशी असतात ती मला ठावूक नाय. माजी अशी हायत.”

ओटीवरून नणंद म्हणाली, “वयनी, तुम्ही महिनाभर बियांना हात लावू नका. मी फोडतंय.”

मीही तेच सांगितलं. हातांना खोबरेल लावा, राख नको, बियांचं तेल नको, कातडी नवी येऊ द्या. परत येऊन मी पाहिलेलं सगळं लिहून साहेबांपुढे ठेवलं. त्यांनी वाचलं, सही केली आणि पुढचा कागद ओढला.

श्रावणात ती चौथ्यांदा आली. बोटांवर फिकट, नवी कातडी होती. शाई अगदी पातळ लावली, दाब दिला नाही. एकेक बोट लोळवताना मी श्वास धरून होतो. रेघा उमटल्या. पुसट, पण मोजता येतील अशा.

दिवाळीच्या तोंडावर उत्तर आलं: ‘नोंदीत काही आढळत नाही.’ पण जागा तोवर भरली होती. दुसऱ्या एका बाईचे ठसे पहिल्याच खेपेला पास झाले होते. ती कामावर रुजूही झाली होती.

आमची बाई आपणहून चौकशीला आली, तेव्हा हे सांगणं माझ्याच वाट्याला आलं. ती बाकावर बसली.

“मग मी चोर नाय ना?”

“नाही, बाई.”

“तसं कागदावर हाय?”

“आहे.”

“वाचा बघू.”

मी वाचलं. तिने पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, “तो कागद मला द्याल? गावात दाखवीन. तुम्ही येऊन गेलात तवापासून लोक विचारतात.”

कागद दफ्तरी लागायचा होता. मी कोऱ्या कागदावर ती ओळ उतरून दिली. तिने उलटसुलट करून पाहिलं.

“ह्याच्यावर शिक्का नाय.”

शिक्का मारायचा मला अधिकार नव्हता. तिने तो तसाच घडी करून कनवटीला लावला आणि गेली. जिना उतरताना तिने कठडा धरला होता, एवढं आठवतं.

पुढच्या चैत्रात तीच जागा पुन्हा रिकामी झाली. मी आनंदाने तिचं नाव सुचवलं. साहेब म्हणाले, सहा महिन्यांवरचे ठसे चालत नाहीत, नवे घ्या. मी टपालवाल्याबरोबर निरोप धाडला.

चार दिवसांनी तो उत्तर घेऊन आला. “बियांचे दिवस हायत म्हणाली. सवड नाय.”

मी यादीतलं तिचं नाव खोडलं. बाहेर सातजण बसले होते. पहिल्याला आत बोलावलं आणि हात पुसून ये म्हणून सांगितलं.