विमान बडोद्याला थांबत नाही

जयपूरजवळच्या बगरू गावच्या छापाच्या कापडाला पहिल्या धुण्यापर्यंत ओल्या मातीचा आणि किंचित गुळाचा वास असतो. त्या दुपारी बनी पार्कातल्या आमच्या गच्चीवर कडुनिंबाचा मोहर गळत होता आणि मी अक्कासाठी घेतलेला निळ्या छापाचा रुमाल घडी घालत होतो, तेव्हा मुलाचा पुण्याहून फोन आला. नातीच्या बारशाचं विमानाचं तिकीट त्यानं काढलं होतं.

"बाबा, मतलब दोन तासांचा तर प्रश्न आहे!"

हवाई अंतर साडेनऊशे किलोमीटर, वेळ दोन तासांहून कमी. हे आकडे तो पदकं मिरवावीत तसे सांगत होता. मिरवण्याचं मला या शहरात नवल नाही. इथे लग्नाच्या मांडवापासून विमानतळापर्यंत कुठेही कोणी फेटेवाला भरदार मिशीनिशी स्वागताला उभा असतो. पण मी बत्तीस वर्षं रेल्वेत काढली. दोन गावांमधली रेघ सरळ असते, हे मला कधीच पटलं नाही. जयपूर आणि पुणे यांच्यामध्ये बडोदं आहे, आणि बडोद्यात माझी थोरली बहीण.

गाडी तिथे दहा मिनिटं थांबते. दर खेपेला मी अक्काला नवा रुमाल देतो आणि मागच्या खेपेचा, धुऊन विटलेला रुमाल सांज्याच्या पोळ्यांच्या डब्याभोवती बांधून ती मला परत करते. आताशा तिच्या डोळ्यांपुढे धुकं असतं. डॉक्टरांनी ते हटण्याची आशा दिलेली नाही. विमानाचं कळल्यावर ती फोनवर एवढंच म्हणाली, "वरून जाशील तेव्हा हात हलवू नकोस हो, मला दिसायचा नाही."

मी रेल्वेचं तिकीट काढलं. विमानातली माझी खुर्ची माझ्याविना उडाली. तिनं बाहेरचं दृश्य पाहिलं असेल, अशी आशा आहे.

अक्काला मी माझा डबा नेमका कुठे येईल ते अधिकारवाणीनं सांगून ठेवलं होतं: पाण्याच्या नळापाशी. त्या दिवशी गाडीचे डबे उलट्या क्रमानं लागले होते आणि बत्तीस वर्षांच्या नोकरीनंतरही जयपूरला चढताना मी ते पाहिलं नव्हतं. बडोद्याला उतरलो, तर नळ फलाटाच्या दुसऱ्या टोकाला. चहाच्या वाफेतून, हमालांच्या शिव्या खात, अडुसष्टाव्या वर्षी मी रुमाल हातात धरून धावलो. अक्का नळापाशी, सांगितल्या जागी, तसूभरही न हलता, भलत्याच डब्याकडे तोंड करून उभी होती.

माझी धाप ऐकून ती वळली. "आलास? रेल्वेवाला म्हणे!"

मग तिनं नवा रुमाल नाकाशी नेला. नेहमी ती आधी रंगाला नावं ठेवायची. या वेळी नुसताच हुंगला, बराच वेळ, आणि माझं मनगट धरून ठेवलं, शिट्टी होईपर्यंत.

समोर आला त्या डब्यात चढलो. जुन्या रुमालात बांधून दिलेल्या पोळ्या मांडीवर ऊन लागत होत्या.

पुण्याला मुलगा न्यायला आला होता. माझ्या हातातली पिशवी घेत त्यानं विचारलं, "किती वेळ गेला, बाबा?"

"दहा मिनिटं," मी म्हणालो, "आणि तीसुद्धा पुरली नाहीत."