कारकुनाचं सामान

शारदाकाकू माझ्या दुकानात पहिल्यांदा आल्या त्या भांडायच्या तयारीनेच.

इंदूरजवळ राऊला आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर माझं कुत्र्यामांजरांच्या सामानाचं दुकान आहे. काकू तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात. वय अडुसष्ट, शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त. सहा वर्षं त्या भाजीची पिशवी घेऊन दुकानासमोरून गेल्या, पण आत कधी डोकावल्या नाहीत. कुत्र्यासाठी गादी विकणारा माणूस त्यांच्या लेखी लबाडच. दसऱ्यानंतर दोनच दिवसांनी मात्र त्या आत आल्या, काउंटरवर एक फाइल आपटली आणि म्हणाल्या, "भूषण, पहिल्यांदा कुत्रा पाळणाऱ्याला काय काय सामान लागतं ते सांग. मी लिहून घेते. आणि फालतूचं काही गळ्यात मारलंस तर बघ."

फाइलीवर निळ्या शाईत लिहिलं होतं, 'विषय : कुत्रा'.

तुम्ही हसाल, पण काकूंचं आडनाव दप्तरदार. त्यांच्या सासऱ्यांचे आजोबा होळकर सरकारच्या दप्तरात होते. संस्थान गेलं, दप्तर गेलं, सवय काही गेली नाही. त्या घरात दूधवाला बदलला तरी फाइल निघते, आणि कागदावर आल्याशिवाय गोष्ट घडली असं कुणी मानत नाही.

मीही शेवटी दुकानदार. आधी मऊ गादी काढली, मग थंडीचा कोट, मग शांपू आणि अत्तर. काकूंनी कोट दोन बोटांनी उचलला. "हे कायको? तो इंदौरला राहतो की काश्मीरला?" गादीला तर त्यांनी हातही लावला नाही. "माझ्या चार जुन्या सुती साड्या पडल्यात. मस्त गोधडी होते त्यांची." अत्तराची बाटली मी आपण होऊनच परत ठेवली.

शेवटी यादीत उरलं ते असं. गळ्याशी दोन बोटं सहज जातील असा रुंद पट्टा. पाच-सहा फुटांची मजबूत दोरी. पाण्यासाठी जड बुडाचं भांडं, धक्का लागला तरी न लवंडणारं. एक फणी. जंताचं औषध, रेबीजचं इंजेक्शन आणि त्याचं कार्ड, नगर निगमची नोंदणी. आणि रोजचा जुना पेपर. तो वाचायला नव्हे. या शहरात माणूस टॉफीचा कागदसुद्धा खिशात घालून घरी नेतो. इथे कुत्र्याने रस्त्यात काही केलं आणि मालक तसाच पुढे निघाला, तर गल्ली त्याला सोडत नाही. मग ते उचललेलं कचरागाडीच्या कुठल्या डब्यात टाकायचं, हे काकूंनी गाडीवरच्या दीदीला भर रस्त्यात थांबवून विचारलं. दीदी म्हणाली, डायपरवाल्या. काकूंनी तेही फाइलीत लिहिलं.

"गळ्यात बिल्ला पण हवा," मी म्हटलं. "त्याचं नाव आणि फोन नंबर. हरवला तर ज्याला सापडेल तो फोन करतो."

"दोन दे."

"दुसरा पण आणताय का, काकू?"

"तुला काय करायचंय? दोन म्हटलं की दोन. आणि कोरेच दे, मी घरी कोरीन."

मी दोन कोरे पितळी बिल्ले दिले. संध्याकाळी कुत्रा खाली आला तेव्हा एक त्याच्या गळ्यात होता. कंपासपेटीतल्या कर्कटकाच्या टोकाने काकूंनी त्यावर कोरलं होतं, 'कारकून', आणि त्याखाली फोन नंबर. नंबर माझा होता.

"हे काय, काकू?"

"माझा फोन कधी चार्ज नसतो, हे साऱ्या बिल्डिंगला माहीत आहे," त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या.

कुत्रा आमच्या फाटकापाशीच वाढलेला, तपकिरी, एक कान मोडलेला. काकू रोज स्वयंपाकातली शेवटची पोळी त्याला घालायच्या. तो वेळेवर यायचा, वेळेवर जायचा आणि मधल्या वेळात कामाचं काही करायचा नाही, म्हणून कारकून.

हा सगळा उद्योग कशासाठी चालला होता, ते मला ठाऊक होतं. ऑगस्टमध्ये काकूंना डेंगू झाला. तीन दिवस त्या तापाने फणफणत घरात पडून होत्या, फोन बंद, आणि आम्हाला कुणाला पत्ता नाही. मलाही नाही. माझं दुकान त्यांच्या बरोब्बर खाली आहे आणि मी तीन दिवस आरामात शटर उघडत आणि पाडत होतो. पुण्याहून त्यांचा मुलगा नचिकेत फोन करकरून थकला, त्याने सोसायटीच्या अध्यक्षांना कळवलं, तेव्हा दार तोडलं. हे सांगताना मला आजही लाज वाटते.

तेव्हाच नचिकेतने ठरवून टाकलं, दिवाळीला आई पुण्याला, कायमची. तो वाईट मुलगा नाही, घाबरलेला मुलगा आहे. पण त्याने विचारलं नाही, कळवलं. आणि काकूंना कुणी परस्पर कळवलेलं आयुष्यात कधी चाललं नाही.

"तिथे जाऊन मी काय करू?" त्या मला एकदा म्हणाल्या. "सगळे शुद्ध बोलतात. मी भैयाला 'भिया' म्हटलं की नातवंडं हसतात. इथे मी शारदा दप्तरदार आहे, तिथे नुसती नचिकेतची आई. नाही जायचं मला. बिलकुल नाही."

कुत्रा हा त्यांचा नकार होता. त्याला टाकून त्या जाणार नाहीत, आणि नचिकेतच्या घरात तो मावणार नाही. इतकी सरळ गोष्ट.

अडवायला पहिले आले आमचे अध्यक्ष उदयसिंह पवार. त्यांचे पूर्वज होळकरांच्या घोडदळात होते आणि आवाज अजून घोड्यावरूनच येतो. माझ्या दुकानासमोर त्यांनी काकूंना गाठलं.

"शारदाताई, आपल्या सोसायटीत कुत्ते अलाउड नाहीत."

"कुठे लिहिलंय?"

"लिहिलं नाही, पण सबको मालूम है."

"मग लिहा की. सही करा, शिक्का मारा, मी पोच देते. सोसायटीला अशी बंदी घालता येत नाही, त्याचा कागद या फाइलीत पान चारवर आहे. वाचा. समजलं नाही तर परत वाचा."

अख्ख्या बिल्डिंगच्या वतीने मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. उदयसिंहजींनी पान चार वाचलं, चष्मा काढला आणि "देखते हैं" म्हणून लिफ्टकडे गेले. वर जाऊन मात्र त्यांनी सरळ पुण्याला फोन लावला.

आणि मग काकूंनी ती चूक केली. इंदूरच्या माणसाशिवाय ती दुसऱ्या कुणाच्या हातून झाली नसती. रोज सकाळी फिरून आल्यावर त्या कारकुनाला आपल्याबरोबर पोहे घालायच्या. वरून जिरावन मसाला, शेव आणि मूठभर चिरलेला कच्चा कांदा. पोहे कुणाला बाधू शकतात, ही कल्पनाच आमच्या डोक्यात शिरत नाही. तापातून उठलेल्याला पोहे, परीक्षेला निघालेल्याला पोहे, मग कुत्र्यानेच काय घोडं मारलंय? दहा दिवस हे चाललं. अकराव्या दिवशी कारकून जिन्यात बसला तो उठेचना. हिरड्या पांढऱ्याफटक, लघवी चहासारखी.

मी दोघांना गाडीत घालून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी काय खातो ते विचारलं आणि काकूंनी पोह्यांचं नाव काढताच डोक्याला हात लावला. कांदा कुत्र्याच्या रक्तात विषासारखा जातो. काकू भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. मी त्यांना दार तोडल्यावरसुद्धा इतकं खचलेलं पाहिलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर निम्मी चूक माझी होती. पट्ट्यापासून फणीपर्यंत सगळं मी विकलं, कोटसुद्धा विकू पाहिला, पण हा खातो काय, एवढं एक विचारलं नाही. ते विचारायला काही दुकान लागत नव्हतं.

पाच दिवस सलाइन आणि इंजेक्शनं झाली. रोज त्याला टॅक्सीत घालून नेणं, आणणं, काकूंनी एकटीने केलं. मी येतो म्हटलं तर म्हणाल्या, "तू दुकान बघ." पाचव्या दिवशी कारकुनाने उठून माझ्या दुकानातल्या पोत्यावर टांग वर केली, तेव्हा आम्ही दोघं वेड्यासारखे हसलो. घरी जाऊन काकूंनी यादीत एक नवीन ओळ घातली, जाड अक्षरांत: 'कांदा, लसूण, द्राक्षं, चॉकलेट : नाही म्हणजे नाही.' शेजारी तारीख, सही.

ही बातमीही उदयसिंहजींनी पुण्याला पोचवलीच.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी, सकाळी पावणेसातला, मी शटर वर करत होतो तर नचिकेत जिन्यावरून धावतच खाली आला. चेहरा पडलेला. फाटकाशी दोन मोठ्या रिकाम्या बॅगा ठेवलेल्या. "भूषण, आई दार उघडत नाहीये. फोनही बंद येतोय."

मी काही बोलायच्या आत चौकीदार खुर्चीतूनच म्हणाला, "माताजी दूध के बूथ तक गई होंगी साब. सात में पाँच कम पे लौटती हैं. परसों दस मिनट लेट थीं तो मैं ऊपर जा के देख आया." कचरागाडी थांबलेली होती, तिथून दीदी ओरडली, "अभी तो मिली थीं नुक्कड़ पे. कुत्ता अब ठीक है उनका."

नचिकेत एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिला. सात वाजायला पाच मिनिटं कमी असताना काकू कोपऱ्यावरून वळल्या. एका हातात दोरी, दुसऱ्या हातात पेपरची पुडी. मुलाला पाहिलं, बॅगा पाहिल्या, पण चाल बदलली नाही. आधी पुडी कचरागाडीत टाकली, माझ्या दुकानातल्या नळावर हात धुतले, आणि मग म्हणाल्या, "आलास? चहा घेतलास का?"

"आई, चल आता. बास झालं." घाबरलेल्या माणसाचा आवाज चढतो, तसा त्याचा चढला. "स्वतःचं बघता येत नाही तुला आणि कुत्रा कसला पाळतेस? कांदा घालून मारला असतास त्याला."

काकूंचा चेहरा क्षणभर उतरला. मग त्यांनी मान वर केली.

"हो. चूक माझी. फाइलीत पान नऊवर लिहून ठेवली आहे, सहीसकट. तू तुझ्या चुका कुठे लिहितोस?"

 कारकून नचिकेतच्या पायाशी वास घेत होता. काहीतरी करायचं म्हणून तो खाली वाकला, कुत्र्याच्या गळ्यातला बिल्ला हातात घेतला आणि वाचला.

"हा नंबर कुणाचा?"

"भूषणचा."

"माझा का नाही?"

"तू पुण्यात. हा राऊच्या चौकात हरवला तर तू पुण्याहून येणार आहेस का? बिल्ल्यावर जो पाच मिनिटांत येईल त्याचा नंबर घालायचा असतो." काकूंनी कनवटीची घराची किल्ली काढली आणि काउंटरवर ठेवली. "आणि हे पण वाच. म्हणजे एकदाचं समजेल."

किल्लीला दुसरा बिल्ला लटकत होता. तसाच पितळी, तसाच कर्कटकाने कोरलेला. 'शारदा दप्तरदार, ३०२.' आणि त्याखाली माझा नंबर.

 दुसरा बिल्ला कुणासाठी, हे मी पुन्हा कधी विचारलंच नव्हतं. "काकू, मला एकदा सांगायचं तरी..."

"तुला काय विचारायचं? दुकान खाली आहे तुझं. ऑगस्टमध्येही खालीच होतं." एवढंच. त्या वाक्यात राग होता, आणि तो माझ्या वाट्याचाच होता. मग त्या मुलाकडे वळल्या. "मी तुझ्यावर रुसून इथे राहत नाहीये, नचिकेत. मला इथे राहायचंय म्हणून राहतेय. तापात तीन दिवस मी कुणाला दिसले नाही. आता दहा मिनिटं दिसले नाही तर चौकीदार वर येतो. तुझ्या बाराव्या मजल्यावर येईल कुणी? तू ऑफिसातून येशील, रात्री आठला."

नचिकेतने तो बिल्ला बराच वेळ अंगठ्याने पुसला. मग खिशातून फोन काढला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "भूषण, तुझा नंबर सांग." बिल्ल्यावर लिहिलेलाच होता, तरी मी सांगितला. त्याने तो फोनमध्ये घालून मला मिस कॉल दिला.

बॅगा रिकाम्या परत गेल्या. म्हणजे अगदी रिकाम्या नाहीत. काकूंनी एकीत शेव आणि दुसरीत फराळाचे डबे भरून दिले, आणि जाताना फाटकात बजावलं, "पुढच्या वेळी येशील तेव्हा फोन करून ये. मी घरी असेनच असं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शटरच्या कुलपात किल्ली घातली आणि घड्याळाकडे बघितलं. सात वाजून दोन मिनिटं. फाटकाकडे बघितलं, कुणी नाही. चौकीदारही जागेवर नव्हता. मी शटर तसंच सोडलं आणि जिना चढायला लागलो. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर वरून नखांचा टकटक आवाज आला. पुढे कारकून, मागे काकू, आणि त्यांच्या मागे धापा टाकणारा चौकीदार.

"काय रे, तू पण?" काकू थांबल्याच नाहीत. "जिवंत आहे मी. चप्पल सापडत नव्हती, ह्याने कॉटखाली नेली होती. जा, दुकान उघड."