पुडीतली कडी

पुडी सांडली. बाळाच्या हातातून, वहाणाच्या, म्हणजे आम्हाला नेणाऱ्या लाकडी गलबताच्या, ओल्या फळ्यांवर, आणि पुडी भाऊची होती. भाऊ म्हणजे आम्हाला आफ्रिकेत सोन्याच्या नदीवर नेणारा धुळ्याचा एजंट. तिकडच्या नदीतलं सोनं म्हणून त्यानं ती आमच्या ह्यांच्याकडे ठेवायला दिलेली. ते दोघं पुढं तांडेलाशी, वहाण चालवणाऱ्याशी, बोलत होते. मी पदरानं सगळं गोळा केलं, माती, मीठ, केस, बठ्ठं, आणि जेवायच्या ताटलीत घेऊन धुवायला बसले.

दुसऱ्या कुणी तसंच पुडीत भरलं असतं. पण आमच्या घरी धूळ तशी भरत नाहीत. सासर जळगावचं, सोनारांच्या दुकानातला केर घ्यायचा, गटारीतला गाळ उपसायचा, धुऊन धुऊन त्यातून सोनं काढायचं, हाच धंदा. म्हणून तर भाऊनं आम्हाला हेरलं. म्हणे तिकडं लोक सोन्यामागं धावत सुटलेत, पण धुवायचा हात कुणाला नाही.

ताटली कलती केली, पाणी फिरवलं, माती गेली. खाली राहिलं ते पाहून मी बाळाला छातीशी दाबलं. कानशीनं घासल्यावर पडतो तसा वळलेला कीस. आणि त्यात साखळीची तुटकी कडी, मोहरीएवढी. नदी काय साखळ्या घडवते का?

मी ह्यांना बाजूला बोलावलं, दाखवलं.

"हाई नदीनं सोनं नई शे," मी म्हटलं. "आपल्याच गल्लीतलं शे."

त्यांनी कडी नखानं उलटून पाहिली. केर धुण्यात वाढलेला माणूस, त्यांना कळलं नसेल असं मला वाटत नाही.

"गप ऱ्हाय," म्हणाले. "आते मांगे कोठे जासूत?"

तेवढ्यात भाऊ आला. बाळाला वारा लागेल, आत बसा म्हणाला, पण नजर ताटलीवर. मी उरलेला कीस पुडीत घातला, ती त्यानं मागून घेतली, हातावर तोलली, हसला.

"तुमच्या हातात सोनं पण आंघोळ करतं का, वहिनी?"

कडी मी बाळाच्या करदोड्यात खोचली होती.

पुढं पाणी भरायला वहाण एका बंदराजवळ थांबलं. मी बोंब मारली, बाळ तापानं फणफणलंय. तापबीप काही नव्हता. तांडेल घाबरला, त्यानंच भाऊकडून माझा पासपोर्ट काढून घेतला आणि होडी बोलावली. भाऊनं ह्यांना खांद्याला धरून ठेवलं होतं, का हे स्वतःच उभे राहिले, मला अजून कळलेलं नाही. बंदरावरच्या आपल्याकडच्या लोकांनी आम्हा दोघांना घरी लावून दिलं.

आता ह्यांचा फोन येतो. सोनं सापडतंय म्हणतात. नदीचं पाणी कसं आहे विचारलं की थांबतात, मागं कुणी उभं असल्यासारखं, मग मोठ्यानं म्हणतात, छान आहे, काळजी करू नकोस. आपली बोली सोडून पुस्तकातलं बोलतात. घरी ते माझ्याशी असं कधी बोलले नाहीत.

तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं? बाळ घेऊन उतरला असता, का ह्यांचा हात धरून तिथंच बसला असता?